ब्राउझर कोणता वापरावा? नाव पाहावे की डागडुजी?



पूर्वी ऊस बिलाची चौकशी करायची तर सायकलीवर टांग मारून गट ऑफिस गाठावे लागे. आता बिल थेट बँकेच्या खात्यात जमा होते. सातबारा मोबाईलवर निघतो, विजेचे बिल मोबाईलवर भरले जाते, पीक विम्याचा अर्ज आणि मुलांचा परीक्षेचा निकालही तिथेच. यांतील पुष्कळशी कामे ज्या साधनातून होतात त्याला ब्राउझर म्हणतात. हे साधन रोज हातात असूनही त्याची माहिती मात्र फारशी कोणाला नसते. म्हणून सभासदांकडून वरचेवर एकच प्रश्न येतो, “काय हो, क्रोम चांगलं का फायरफॉक्स?”

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर नुसत्या नावात मिळत नाही. ब्राउझर कोणत्या कंपनीचा, यापेक्षा त्याची डागडुजी वेळेवर होते का आणि ती आपल्या हातातल्या मोबाईलपर्यंत पोचते का, हे आधी पाहावे लागते. वर्षभराच्या घामाचा पैसा ज्या वाटेने जातो-येतो, त्या वाटेची ही गोष्ट आहे. तेव्हा थोडा वेळ काढून पुढील माहिती वाचावी आणि घरातील मुलांनाही वाचावयास द्यावी.

१. ब्राउझर म्हणजे काय?

इंटरनेटवरील पाने दूरदूरच्या संगणकांवर ठेवलेली असतात. ती मागवून आणून आपल्याला वाचता येतील अशी पडद्यावर मांडणारा कार्यक्रम म्हणजे ब्राउझर. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केला. त्या वेळी पान म्हणजे नुसता मजकूर. आज पानाबरोबर चित्रे, चलचित्रे आणि लहान लहान कार्यक्रमही येतात, आणि ते आपल्या मोबाईलमध्ये चालू लागतात.

धोका इथेच आहे. अनोळखी माणसाने पाठविलेला कार्यक्रम आपल्या घरात येऊन चालतो. त्याला ओसरीवर बसवायचे, माजघरात शिरू द्यायचे नाही, हे काम ब्राउझरचे. म्हणजे ब्राउझर हा नुसता आरसा नाही, तो दारावरचा राखणदार आहे.

२. नावे अनेक, बेणे तीनच

बाजारात क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट अशी बरीच नावे आहेत. पण प्रत्येकाच्या आत एक इंजिन असते आणि मोठ्या प्रमाणात वापरात असलेली इंजिने तीनच आहेत. गूगलचे ब्लिंक, मोझिलाचे गेको आणि अॅपलचे वेबकिट.

क्रोम तर ब्लिंकवर चालतोच, पण एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट हेही त्याच इंजिनावर चालतात. ऑपेराने २०१३ मध्ये आपले इंजिन सोडून हे घेतले, मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये. गेकोवर मुख्यतः फायरफॉक्स आहे आणि वेबकिटवर सफारी. आयफोनवर आपल्याकडे क्रोम घेतला तरी आत वेबकिटच असते, कारण अॅपलचा तसा नियम आहे.

आपण ऊस उत्पादक आहोत, एकाच वाणाचा धोका आपल्याला समजावून सांगावयास नको. उत्तर प्रदेशात बहुतेक क्षेत्रावर को ०२३८ हा एकच वाण पसरला. उतारा चांगला, वजन चांगले, सगळे खूष होते. पुढे लाल कूज आली तेव्हा शिवारेच्या शिवारे तिच्या तोंडी सापडली. ब्राउझरचेही तसेच आहे. ब्लिंकमध्ये दोष निघाला की तो एकट्या क्रोमचा राहत नाही, एज, ब्रेव्ह, ऑपेरा सगळ्यांचा होतो. तेव्हा “मी क्रोम टाकून एज घेतला, आता चिंता नाही,” असे कोणी म्हणेल तर ती समजूत बरोबर नाही. पोते बदलले, बेणे तेच.

३. डागडुजी कशासाठी लागते?

काही सभासद म्हणतात, “चाललंय ना चांगलं, मग अपडेट कशाला? नुसता डेटा जातो.” त्यांच्यासाठी दोन खऱ्या हकिकती देत आहे.

पहिली हकिकत इंटरनेट एक्सप्लोररची. मायक्रोसॉफ्टच्या या ब्राउझरची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. तेव्हा बाजार जवळजवळ सगळा त्याच्याच हातात होता. स्पर्धक उरला नाही म्हटल्यावर कंपनी सुस्तावली आणि सातवी आवृत्ती यायला २००६ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत या ब्राउझरमधील दोषांचा फायदा घेणाऱ्यांचे चांगलेच फावले. याच काळात, नोव्हेंबर २००४ मध्ये, फायरफॉक्स आला आणि २००८ मध्ये क्रोम. लोक तिकडे वळले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. एके काळचा राजा दुरुस्तीअभावी गेला.

दुसरी हकिकत सप्टेंबर २०२३ मधील. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार आहे. ही चित्रे उलगडून दाखविणारा एक छोटा भाग गूगलने तयार केला होता आणि तो जवळजवळ सर्वच ब्राउझरनी उचलला होता. त्यात दोष निघाला. मुद्दाम बिघडवलेले चित्र नुसते पडद्यावर आले तरी चोराला आत शिरण्यास फट मिळत होती. कुठे बोट दाबण्याचीही गरज नव्हती. अॅपलच्या सुरक्षा विभागाने आणि कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने हा दोष कळविला. तोवर काही ठिकाणी त्याचा दुरुपयोग सुरूही झाला होता. गूगलने ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, मोझिलाने १२ सप्टेंबरला. इतरांनीही त्याच सुमारास दिली.

यात ध्यानात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. फायरफॉक्सचे बेणे वेगळे असूनही तोही सापडला, कारण हा एक भाग सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून आणला होता. म्हणजे नावावर विसंबून चालत नाही. दुसरे असे की, ज्यांनी त्या आठवड्यात अपडेट घेतले ते सुरक्षित झाले, ज्यांनी घेतले नाही त्यांचे दार उघडेच राहिले. क्रोम वापरणारे दोन शेजारी, पण एक सुरक्षित आणि एक असुरक्षित. फरक केला तो डागडुजीने.

आणखी एक बाब. ब्लिंक आणि गेको यांचा सगळा आराखडा कोणालाही वाचण्यास खुला असतो. दुरुस्ती त्यात टाकली की चोरही ती वाचतो आणि “अरे, भोक इथं होतं होय!” हे त्याला कळते. मग ज्यांनी दुरुस्ती घेतलेली नाही त्यांना तो शोधीत फिरतो. बांधाला भगदाड पडल्याचे गावभर झाले आणि आपण मात्र ते बुजविले नाही, अशी ही अवस्था होते.

४. कोणाची डागडुजी किती वेळाने?

आपल्या कारखान्याचे ओव्हरहॉलिंग गळीत हंगाम संपल्यावर होते. ब्राउझरला अशी सुट्टी नाही. गळीत चालू ठेवूनच रोलर बदलावा, तसा हा प्रकार आहे.

क्रोम : पूर्वी दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येई. २०२१ मध्ये ते अंतर चार आठवड्यांवर आणले. ऑगस्ट २०२३ पासून मधल्या काळात दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती देण्यास सुरुवात झाली. दुरुस्ती तयार होणे आणि ती लोकांच्या हाती पडणे यांत चोराला सवड मिळू नये, हाच यामागचा उद्देश.

फायरफॉक्स : २०२० पासून नव्या आवृत्त्या साधारण चार आठवड्यांच्या अंतराने. तातडीचा दोष असेल तर मध्येच दुरुस्ती येते. वेबपीच्या वेळी एका दिवसाचाच फरक पडला हे वर आलेच आहे.

एज, ब्रेव्ह : मूळ दुरुस्ती गूगलकडे झाली की हे ती उचलतात. बहुधा थोड्याच दिवसांत येते, पण वाट पाहावी लागते ती लागतेच.

सॅमसंग इंटरनेट : इंजिन तेच, पण त्याचा आवृत्तीचा आकडा सहसा क्रोमच्या मागे असतो.

सफारी : याची दुरुस्ती बहुतकरून आयफोनच्या एकूण अपडेटबरोबर येते. म्हणून आयफोनवाल्यांनी फोनचेच अपडेट टाळू नये.

नुसता वेग पाहिला तर क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही विश्वासाचे आहेत. कोठल्या तरी जाहिरातीत दिसलेला, नाव न ऐकलेला “फास्ट ब्राउझर” मात्र घेऊ नये. त्याची दुरुस्ती कोण करतो, कधी करतो, याचा पत्ता नसतो. आपल्याकडे एके काळी खूप चालणारा यूसी ब्राउझर केंद्र सरकारने जून २०२० मध्ये इतर ५८ अॅप्ससह बंद केला. तो कोणाच्या जुन्या मोबाईलमध्ये अजून पडून असेल तर काढून टाकावा.

५. राखणदारी कोणाची चांगली?

आजारी जनावर आपण वेगळे बांधतो, तसे चांगले ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या खोलीत ठेवतात. एका पानात चोर असला तरी शेजारच्या बँकेच्या पानात त्याला डोकावता येऊ नये, ही त्यातील कल्पना. संगणकावर क्रोमने ही सोय २०१८ मध्ये सर्वांना दिली, फायरफॉक्सने २०२१ मध्ये. अँड्रॉइड मोबाईलवर क्रोमने २०१९ मध्ये निदान पासवर्ड टाकावा लागतो अशा पानांसाठी ती आणली, तीही पुरेशी रॅम असलेल्या फोनवर. या एका बाबतीत मोबाईलवर क्रोमची बाजू बरीच वर्षे वरचढ राहिली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

फसव्या पानांची यादी ठेवून लाल पडद्याने इशारा देण्याची सोय सर्वच मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. क्रोम आणि फायरफॉक्स गूगलची यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टची. लाल पडदा आला की मागे फिरावे. “तरीही पुढे जा” दाबण्याचे धाडस करू नये.

६. खाजगीपणा आणि इतर सोयी

येथे पारडे दुसरीकडे झुकते. आपण ट्रॅक्टरचे एक पान पाहिले की पुढे आठ दिवस ट्रॅक्टरच्याच जाहिराती मागे लागतात. हा पाठलाग कुकी नावाच्या खुणांवरून होतो. सफारीने २०२० पासून परक्या कुकी पूर्ण अडविल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची सोय सर्वांना चालू करून दिली. गूगलने त्या बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते, पण २०२४ मध्ये बेत बदलला. गूगलची मोठी कमाई जाहिरातींची आहे हे लक्षात घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही.

जाहिराती अडविण्याची सोय ब्रेव्हमध्ये आयती आहे. फायरफॉक्समध्ये मोबाईलवरही जाहिरात अडविणारे जोडकार्यक्रम बसविता येतात. जाहिराती अडल्या की डेटा वाचतो, पान लवकर उघडते आणि “तुम्हाला बक्षीस लागले” असली फसवी बटणेही कमी दिसतात. वयस्कर मंडळींच्या मोबाईलवर हा फायदा लहान नाही. मात्र जोडकार्यक्रम एखादाच, नावाजलेला घ्यावा.

“इन्कॉग्निटो”विषयीही गैरसमज आहे. त्यात आपल्या मोबाईलवर नोंद राहत नाही इतकेच. ज्या संकेतस्थळावर आपण जातो त्याला आणि इंटरनेट पुरविणाऱ्याला आपले येणेजाणे कळू शकते.

७. खरा प्रश्न जुन्या मोबाईलचा

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ घरांत मुलाने नवा मोबाईल घेतला की जुना वडिलांकडे येतो. बँकेचे खाते वडिलांच्या नावावर, ऊस बिल त्यांच्याच नावावर आणि मोबाईल मात्र घरातला सर्वांत जुना! म्हणजे ज्या हातात पैसा त्याच हातात कच्चे कुलूप.

ब्राउझर बनविणारे जुन्या फोनला कायमची साथ देत नाहीत. क्रोमने डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ७ सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ हेही सोडले. अशा फोनवर क्रोम चालतो, पाने दिसतात, कसली तक्रार नसते. फक्त दुरुस्ती यायची थांबलेली असते आणि तसे ठळकपणे कोणी सांगत नाही. फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२५ मध्ये अँड्रॉइड ७ पर्यंतचे फोन सोडले, ८ आणि ९ ठेवले. म्हणजे अशा फोनवर फायरफॉक्स हा क्रोमपेक्षा बरा ठरला, तो त्याच्या गुणामुळे नव्हे तर दुरुस्ती चालू राहिल्यामुळे.

संगणकाचेही तेच. विंडोज ७ आणि ८.१ यांना क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडले. सोसायटीत, दूध संस्थेत किंवा घरी असा संगणक असेल तर त्यावर पैशाचा व्यवहार करू नये.

दुसरी अडचण वायफायची. प्ले स्टोअरमध्ये “फक्त वायफायवर अपडेट करा” अशी निवड असते. वस्तीवर, मळ्यात वायफाय कुठले? मोबाईलचा डेटाच सगळे. मग अपडेट वायफायची वाट पाहत तसेच पडून राहतात आणि फोन नवा असूनही ब्राउझर जुना राहतो. ही निवड बदलावी, नाहीतर आठवड्यातून एकदा हाताने अपडेट करावे.

८. ब्राउझरच्या हातात नसलेली गोष्ट

राखणदार कितीही जागा असला तरी घरधन्यानेच चोराला जेवायला बोलावले तर तो काय करणार? व्हॉट्सअॅपवर योजनेच्या, दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके असते. ती बसविली की चोर ब्राउझरला वळसा घालून थेट घरात येतो. अशी फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही फोन चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

“पत्त्याजवळ कुलुपाचे चित्र आहे, म्हणजे पान खरे,” असेही कोणी धरून चालू नये. कुलुपाचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला सावच आहे याची ती हमी नव्हे. फसव्या पानांनाही कुलूप असते. लोकांची ही चुकीची समजूत पाहूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चित्र बदलले. त्यापेक्षा पत्त्याचे शेपूट वाचावे. सरकारी पान “गव्ह डॉट इन” वर संपते. बँकांनी आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत “बँक डॉट इन” वर न्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. हे शब्द पत्त्याच्या शेवटी असावयास हवेत, मध्येच कुठे तरी असले तर तो सापळा समजावा.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाज बाळगू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

९. आज घरी गेल्यावर काय करावे?

(१) सेटिंग्जमध्ये “अबाउट फोन” उघडून अँड्रॉइडची आवृत्ती पाहावी.

(२) १० किंवा पुढची असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्स, जो आवडेल तो ठेवावा. जाहिरातींचा त्रास वाटत असेल तर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घ्यावा.

(३) ८ किंवा ९ असेल तर क्रोमवर विसंबू नये. ज्याला अजून अपडेट मिळते असा ब्राउझर वापरावा आणि बँकेचे काम शक्यतो घरातील नव्या फोनवर करावे.

(४) ७ किंवा खालची असेल तर तो फोन बोलण्यापुरता ठेवावा. पैशाच्या कामासाठी शाखेत जाणे बरे.

(५) प्ले स्टोअरमध्ये आपल्या ब्राउझरचे पान उघडावे. “अपडेट” असे बटण दिसल्यास लगेच दाबावे.

(६) संगणकावर अपडेट उतरले तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागू होत नाही. आठ-आठ दिवस तो उघडा ठेवू नये.

(७) वडिलांचा, आईचा मोबाईल आधी तपासावा, आपला नंतर.

तात्पर्य, क्रोम मोठा की फायरफॉक्स मोठा, हा वाद पारावर करण्यास चांगला आहे. राखणदारीत एकाचे पारडे थोडे जड, खाजगीपणात दुसऱ्याचे. पण सहा महिने अपडेट न केलेला उत्तम ब्राउझर आणि कालच अपडेट झालेला साधा ब्राउझर यांत निवड करायची झाली तर डोळे मिटून दुसरा घ्यावा. पाटाला पाणी सोडण्याआधी आपण पाट एकदा फिरून पाहतो, कुठे फुटला असेल तर चिखल लावतो. ज्या पाटाने घरात पैसा येतो तोही असाच अधूनमधून फिरून पाहिला पाहिजे.